अफूचे व्यसन आणि त्याचा औषधोपचार
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार नुकताच याच व्यासपीठावर झाला. पारितोषिके घेऊन खाली उतरणाऱ्या त्या मुलामुलींच्या आईवडिलांची मुद्रा आम्ही पाहत होतो, आणि अशा मंगल प्रसंगी आम्ही निवडलेला विषय कितपत उचित आहे, अशी शंका क्षणभर मनात आली. परंतु ज्या सभागृहात मुलांच्या यशाचे कौतुक होते, त्याच सभागृहात मुलांवर येणाऱ्या संकटाचाही विचार व्हावयास हवा. कौतुक चारचौघांत आणि संकट मात्र दाराला कडी लावून, ही रीत आपण आजवर चालवली आहे. तिची किंमत काय पडते, हे आम्ही एका घरी स्वतः पाहिले आहे. ती हकीकत पुढे येईलच. आरंभी विषयाची थोडी ओळख करून देण्याची अनुज्ञा असावी.

अफू ही काही आपल्या घरांना परकी वस्तू नव्हे. खोकला, हगवण, अंगदुखी यांवर अफूचा कण देण्याची चाल जुनी होती. मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या कित्येक माता पाळीवर जाण्यापूर्वी तान्ह्या मुलास अफूची बाळागोळी चाटवून निजवीत, हा गेल्या शतकातील मुंबईचा इतिहास आहे. त्या मातांस दोष देण्याचा अधिकार कोणास आहे? मूल सांभाळावयास घरी कोणी नाही आणि पाळी चुकली तर चूल पेटत नाही, अशा कोंडीत त्या होत्या. त्याच्याही आधी, एकोणिसाव्या शतकात, माळव्याची अफू याच मुंबई बंदरातून चीनकडे जात होती आणि त्या व्यापारातून मोठमोठ्या संपत्ती उभ्या राहिल्या. या साऱ्याची चौकशी करण्यासाठी १८९३ साली ब्रिटिश सरकारने एक शाही आयोगही नेमला होता.

अफूतील मुख्य द्रव्य म्हणजे मॉर्फीन. ते एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत वेगळे काढण्यात आले. त्यावर रासायनिक प्रक्रिया करून सिद्ध केलेले हेरॉइन १८९८ साली चक्क खोकल्याचे औषध म्हणून बाजारात आले. याच हेरॉइनचे अशुद्ध, तपकिरी रूप १९८० नंतरच्या दशकात मुंबई-पुण्याच्या गल्ल्यांत शिरले आणि मराठीने त्यास नाव दिले ‘गर्द’. अनिल अवचट यांनी या विषाचा माग काढून त्याविषयी लिहिले. पुढे १९८६ साली त्यांनी व डॉ. अनिता अवचट यांनी, पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांच्या साहाय्याने, पुण्यात ‘मुक्तांगण’ उभे केले. त्या संस्थेने कित्येक घरे सावरली, याबद्दल महाराष्ट्र तिचा ऋणी आहे.

परंतु संकट सरले नाही, केवळ वेष पालटला. आज गर्दाच्या जोडीला वेदनाशामक गोळ्या, कोडीनयुक्त खोकल्याची औषधे आणि सुईने टोचावयाची द्रव्ये आली आहेत. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने देशव्यापी पाहणी करवून २०१९ साली तिचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार देशातील सुमारे २.१ टक्के लोक, म्हणजे सव्वादोन कोटींहून अधिक माणसे, अफूवर्गीय द्रव्यांचे सेवन करीत होती. ज्या मोजक्या राज्यांत या व्यसनासाठी साहाय्याची गरज असलेल्यांची संख्या मोठी आहे, त्यांत आपल्या महाराष्ट्राचेही नाव आहे. तेव्हा ‘हे आपल्या लोकांत नाही’ असे म्हणावयास आता जागा उरलेली नाही.

आता हे व्यसन शरीरात काय करते, ते पाहू. आपल्या मेंदूत काही ग्राही असतात. शरीर स्वतःच वेदना शमवणारी काही द्रव्ये निर्माण करते, आणि ती द्रव्ये या ग्राहींवर जाऊन बसतात. कुलपात किल्ली बसावी तशी ही योजना आहे. मॉर्फीन, हेरॉइन, कोडीन या सर्व किल्ल्या त्याच कुलपास लागतात, पण निसर्गाच्या किल्लीहून फार जोराने. दिवसामागून दिवस हा जोर लागत राहिला की मेंदू त्यास सरावतो. आरंभी जेवढ्याने गुंगी येई, तेवढ्याने आता काहीच होत नाही, आणि मात्रा वाढत जाते. पुढे अशी अवस्था येते की माणूस सुखासाठी घेत नाही, तर केवळ उभे राहता यावे म्हणून घेतो. न मिळाल्यास नाकाडोळ्यांतून पाणी, हाडे मोडल्यासारखी कळ, उलट्या, जुलाब, अंगावर काटा आणि रात्र रात्र झोप नाही. व्यसनी मंडळी आपल्या बोलीत यास ‘टर्की’ म्हणतात. अशा स्थितीतील मुलगा आईच्या बांगड्या विकतो, तेव्हा त्याचे मन वाईट झाले असे आपण म्हणतो. मन पुढे बिघडतही असेल. पण त्या क्षणी त्याचे सारे शरीर त्यास एकाच दिशेला ओढत असते.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावयाची आहे. टर्कीची लक्षणे आठदहा दिवसांत बहुतांशी ओसरतात. माणूस जेवू लागतो, झोपू लागतो, आणि घरची मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात. परंतु मेंदूची ओढ आठदहा दिवसांत जात नाही. ती महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे दबा धरून बसते. उलट शरीराची सोसण्याची शक्ती मात्र थोड्याच दिवसांत उतरते. पूर्वी जी मात्रा तो सहज पचवीत असे, तीच मात्रा आता त्याचा श्वास थांबवू शकते. म्हणून शरीर शुद्ध करून घरी परतल्यानंतरचे पहिले काही आठवडे हे या रोगातील सर्वांत धोक्याचे दिवस होत. आपण ज्यास ‘सुटला’ म्हणतो, तो त्याच वेळी मृत्यूच्या सर्वाधिक निकट असतो.

या कोड्याचे उत्तर शोधण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न १९६४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत झाला. व्हिन्सेंट डोल हे शरीरातील चयापचयाचे अभ्यासक, आणि मारी नायस्वांडर या मनोविकारतज्ज्ञ. व्यसन सोडवण्याचे प्रयत्न पुन्हापुन्हा फसलेले रुग्ण त्यांनी निवडले. आरंभी मॉर्फीनच देऊन पाहिले. तेव्हा हे रुग्ण दिवसभर सुस्त बसून पुढच्या मात्रेची वाट पाहत. नंतर त्यांस मेथाडोन हे जर्मनीत शोधले गेलेले औषध तोंडावाटे दिले. त्याचा अंमल चोवीस तासांहून अधिक टिकतो. तो हळूहळू चढतो आणि हळूहळू उतरतो. योग्य मात्रा सापडताच त्या रुग्णांत अपूर्व पालट दिसला. एकाने चित्रे काढावयास घेतली, तर दुसरा अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करू द्या म्हणून मागे लागला. वेदना नाही, गुंगी नाही आणि गर्दाची ओढही नाही, अशी ही अवस्था होती. २२ रुग्णांवरील हा अनुभव १९६५ साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला, आणि व्यसनाच्या उपचारात नवे प्रकरण सुरू झाले.

दुसरे औषध ब्युप्रेनॉर्फीन. ते १९६६ साली इंग्लंडमध्ये तयार झाले. ही गोळी जिभेखाली विरघळवून घ्यावयाची असते. तिचा गुण असा की ती ग्राहीवर घट्ट बसते, पण कुलूप अर्धेच उघडते. त्यामुळे टर्की होत नाही आणि ओढ शमते. त्याचबरोबर मात्रा वाढवली तरी एका मर्यादेपलीकडे तिचा परिणाम वाढत नाही, म्हणून श्वास थांबण्याचा धोका पुष्कळ कमी असतो. गोळी कुटून सुईने टोचू नये यासाठी तिच्यात नॅलोक्झोन हे विरोधी द्रव्य मिसळतात. फ्रान्सने १९९६ पासून हे औषध सामान्य वैद्यांनाही लिहून देऊ दिले, आणि पुढील काही वर्षांत तेथे अतिमात्रेने होणारे मृत्यू फार मोठ्या प्रमाणावर घटले. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली मेथाडोन व ब्युप्रेनॉर्फीन या दोहोंचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या सूचीत केला. निरनिराळ्या देशांतील अभ्यासांचा निष्कर्ष असा की, हे उपचार चालू असलेल्या रुग्णांतील मृत्यूंचे प्रमाण उपचाराबाहेरच्या रुग्णांच्या मानाने निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते.

आपला देशही यात अगदीच मागे नाही. सुया वाटून घेतल्याने पसरणाऱ्या एड्सच्या विषाणूस आळा बसावा, म्हणून राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने २००७ सालापासून हा उपचार आपल्या कार्यक्रमात घेतला, आणि मणिपूर, नागालँडसारख्या राज्यांस त्याचा आधार झाला. गाझियाबाद येथील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या राष्ट्रीय केंद्रात या उपचाराचे शिक्षण व संशोधन चालते. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याचे नाव ऐकताच आईबापांच्या पोटात गोळा येतो. परंतु अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनी मनुष्य स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेईल, तर त्यास खटल्यापासून संरक्षण देण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मद्य व अमली द्रव्यांच्या सेवनातून उद्भवणाऱ्या विकारांस मानसिक आजारांच्या व्याख्येत स्थान दिले आहे. म्हणजे कायद्याच्याही दृष्टीने हा रुग्ण आहे.

आता मुख्य आक्षेपाकडे वळतो. सुज्ञ माणसेही विचारतात की, ‘एक व्यसन सोडवून दुसरे लावले, यात मिळवले काय? गर्द गेला आणि गोळी आली!’ या आक्षेपाची टवाळी आम्ही करणार नाही, कारण तो एके काळी आमच्याच तोंडी होता. आता ती हकीकत सांगतो. संबंधित कुटुंबाची अनुमती आम्ही घेतली आहे, आणि ओळख पटेल असा तपशील वगळला आहे.

२०१२ सालची गोष्ट. आम्ही एका उपनगरात सर्वसाधारण वैद्यकीय व्यवसाय करीत होतो. आपल्याच समाजातील एक कुटुंब वर्षानुवर्षे आमच्याकडे येई. त्यांचा सव्वीस वर्षांचा मुलगा गर्दाच्या नादी लागला होता. दोनदा महिना महिना उपचारगृहात ठेवला, आणि दोन्ही वेळा तो परतल्यावर काही आठवड्यांत पुन्हा घसरला. तिसऱ्या वेळी एका मनोविकारतज्ज्ञाने ब्युप्रेनॉर्फीन सुरू केले, आणि दीड वर्ष तो मुलगा स्थिर राहिला. छापखान्यात नोकरी धरली. घरचे विजेचे बिल आपल्या पगारातून भरू लागला. मग त्याचे लग्न ठरले.

वडील त्यास घेऊन आमच्याकडे आले. म्हणाले, “डॉक्टरसाहेब, लग्नाआधी या गोळ्या सुटायला हव्यात. मुलीकडच्यांना काय सांगायचे?” तो मुलगा आम्हांस लहानपणापासून काका म्हणे. तो हळूच म्हणाला, “काका, गोळी घेतली की मी साधा माणूस असतो. सोडायलाच हवी का?” आम्ही त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणालो, “दीड वर्ष निभावलेस, आता मनाचा निर्धार कर. किती दिवस कुबडी घेऊन चालणार?” त्याच्यावर उपचार करणाऱ्या तज्ज्ञास एक दूरध्वनी करावा, एवढेही आम्हांस सुचले नाही. हा विषय आम्हांस ठाऊक नव्हता, आणि ठाऊक नाही हेही ठाऊक नव्हते.

त्याने आठ दिवसांत गोळ्या बंद केल्या. सहा आठवड्यांनी, लग्नास पंधरा दिवस असताना, तो पहाटे न्हाणीघरात निष्प्राण आढळला. एकदाच घेतले होते, पण जुन्या सवयीच्या मात्रेने. तेराव्यानंतर आम्ही त्या घरी गेलो. आईने आम्हांस एकही कठोर शब्द ऐकवला नाही. कपाटातून उरलेल्या गोळ्यांची पाकिटे काढून पुढे ठेवली आणि एवढेच विचारले, “या आता कुठे परत द्यायच्या, डॉक्टर?”

ज्ञातिबंधूंनो, आम्ही त्या गोळीस कुबडी म्हटले होते. पाय मोडलेल्या माणसाची कुबडी काढून घेऊन आम्ही त्यास जिना उतरावयास लावले, हे आम्हांस त्या दिवशी उमगले. त्यानंतर आम्ही या विषयाचा अभ्यास केला. आज जे सांगत आहोत, ते त्या अभ्यासाचे फळ आहे. तो फार उशिरा झाला.

तेव्हा त्या आक्षेपाचे उत्तर असे. शरीरास एखाद्या औषधाची गरज असणे आणि माणूस व्यसनाधीन असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मधुमेही माणूस इन्शुलिन घेतो. ते एकाएकी बंद केल्यास त्याच्या जिवावर बेतेल. म्हणून आपण त्यास इन्शुलिनचा व्यसनी म्हणतो काय? व्यसनाची खूण ही की त्यापुढे माणसाचे घर, नोकरी, सत्य, नाती सारे नाहीसे होते. ज्या गोळीमुळे ते सारे परत येते, तिला व्यसन म्हणणे हा शब्दांचा अन्याय होय. पाहावयाचे ते इतकेच की सकाळी उठून तो मुलगा कामावर जातो की गर्दवाल्याच्या शोधात जातो.

तथापि आम्ही या औषधाची आंधळी भलामण करीत नाही. ते तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच घ्यावे लागते. गर्दाचा अंमल शरीरात असताना ब्युप्रेनॉर्फीन घाईने घेतल्यास टर्की उलट भडकते, म्हणून पहिली मात्रा केव्हा द्यावयाची हे वैद्यानेच ठरवावे. मेथाडोनची मात्रा चुकल्यास ते प्राणघातक ठरू शकते. मद्य वा झोपेच्या गोळ्या यांच्या जोडीने ही दोन्ही औषधे धोक्याची आहेत. ती घरातील लहान मुलांच्या हाती लागता कामा नयेत. बद्धकोष्ठासारखे त्रासही होतात. काही लबाड माणसे ही गोळी बाहेर विकतात, म्हणून सरकारी नियंत्रण कडक आहे आणि ते आवश्यकही आहे. गोळीबरोबर समुपदेशन, काम आणि आपलेपणा हवाच. ज्यांस औषधावाचून, संस्थेच्या सहवासातून मुक्तता लाभली, त्यांचा मार्गही आदरणीय आहे. नाल्ट्रेक्झोनसारखे ग्राहींस अडवणारे औषध काहींस उपयोगी पडते. आमचे म्हणणे एवढेच की, ज्यास जो मार्ग तारतो तो त्याचा मार्ग. गोळी कधी कमी करावयाची आणि कधी थांबवावयाची, हे रुग्ण व त्याचा तज्ज्ञ मिळून ठरवतील. लग्नाचा मुहूर्त, शेजाऱ्यांची कुजबूज किंवा आमच्यासारख्या वडीलधाऱ्यांचा उत्साह यांनी ते ठरवू नये.

आता मंडळाकडे चार मागण्या नम्रपणे मांडतो.

पहिली, आपल्या वैद्यकीय साहाय्य निधीच्या नियमाप्रमाणे एका आजारास एकदाच मदत मिळते. हाडाच्या शस्त्रक्रियेस तो नियम ठीक आहे, पण वर्षानुवर्षे चालणाऱ्या उपचारास तो निरर्थक ठरतो. या रोगासाठी दरवर्षी नूतनीकरण होईल अशी मदत द्यावी, आणि अर्जदाराचे नाव अध्यक्ष व एका वैद्यकीय सदस्यापलीकडे जाऊ नये.

दुसरी, आपल्या वधूवर सूचक शाखेने उपचार सोडण्याची अट कोणासही घालू नये, आणि कोणास घालू देऊ नये. येथे मुलीकडील मंडळींचा हक्कही आम्ही मानतो. त्यांच्यापासून काही लपवू नये. सत्य ऐकून मुलगी नाही म्हणाली, तर तो तिचा अधिकार आहे. एक लग्न मोडेल, परंतु एक मुलगा जगेल. त्या वेळी त्या घरासमोर हाच पर्याय होता, आणि आम्ही तो कोणास दिसू दिला नाही.

तिसरी, प्रत्येक शाखेतील दोन कार्यकर्त्यांनी अतिमात्रेची लक्षणे शिकून घ्यावीत. हाक मारून जाग न येणे, श्वास अगदी मंद होणे वा घरघरणे, ओठ निळे पडणे, डोळ्यांतील बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होणे, ही ती लक्षणे होत. अशा वेळी ‘झोपू द्या, उतरेल’ असे म्हणू नये. तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, श्वास चालू असल्यास कुशीवर निजवावे, आणि काय घेतले आहे ते डॉक्टरांस निःसंकोच सांगावे. रुग्णालयात नॅलोक्झोनचे इंजेक्शन वेळेवर मिळाल्यास थांबत आलेला श्वास परत येतो. लाजेपायी दवडलेली दहा मिनिटे मात्र परत येत नाहीत.

चौथी, केंद्र सरकारची व्यसनमुक्तीविषयक १४४४६ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा आपल्या दिनदर्शिकेत, सणवारांच्या यादीशेजारी, छापावी. ज्यास तोंडाने विचारवत नाही, तो निदान भिंतीवर वाचील.

बंधुभगिनींनो, आपल्या मंडळाच्या संस्थापकांनी वसतिगृह उभारले, कारण गावाकडून आलेल्या मुलास शहरात ओसरी मिळत नव्हती. गरजेच्या वेळी आपल्या माणसास छप्पर द्यावे, हाच त्यांचा हेतू होता. आज काही मुलांना दगडविटांचे छप्पर आहे, परंतु आपले दुखणे उघड बोलता येईल अशी ओसरी नाही. ती आपण द्यावयाची आहे. या सभागृहातही आज एखादी आई बसली असेल, जिच्या घरी कपाटात अशी पाकिटे आहेत आणि जी कोणास काही सांगू शकत नाही. तिला आम्ही एवढेच सांगतो की, ताई, आपल्या मुलाची गोळी चालू ठेवा, त्याच्या डॉक्टरांस विचारल्याखेरीज कोणाच्याही सांगण्यावरून, आमच्याही सांगण्यावरून, ती बंद करू नका. आणि संमेलन संपल्यावर आम्ही दाराशी उभे आहोत, वाटल्यास बोला.